बीटी कापूस लावला, तरी अळी का?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



पूर्णा तालुक्यातल्या आपल्या ताडकळस भागात खरिपात सोयाबीन आणि कापूस ही दोन मोठी पिकं. सोयाबीन यंत्राने निघतं. कापूस मात्र आजही आपल्याच हातांनी घरी येतो. लावताना बी टोचायला बाई, खुरपायला बाई, वेचायला बाई. पण बियाण्याचं पाकीट कुठलं घ्यायचं, याची चर्चा दुकानाच्या ओट्यावर होते आणि तिथे आपण क्वचितच असतो. म्हणून आज बीटी कापसाविषयी बोलायचं ठरवलं. हे बी नेमकं काय आहे, त्याने काय दिलं, काय घेतलं, आणि "बीटी लावूनही बोंडात अळी का निघते?" हा जो प्रश्न वेचणीच्या वेळी प्रत्येकीच्या तोंडी असतो, त्याचं उत्तर काय, ते पाहू.

आधी बीटी म्हणजे काय ते समजून घेऊ. मातीत एक सूक्ष्म जिवाणू असतो. त्याचं शास्त्रीय नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस. नाव अवघड आहे, म्हणून त्याची पहिली अक्षरं घेऊन बीटी म्हणतात. हा जिवाणू एक प्रथिन तयार करतो. ते अळीच्या पोटात गेलं की तिच्या आतड्याला छिद्रं पडतात, तिचं खाणं बंद होतं आणि दोन-चार दिवसांत ती मरते. शास्त्रज्ञांनी हे प्रथिन बनवण्याची सूचना, म्हणजे त्या जिवाणूचं जनुक, कापसाच्या रोपात घातलं. त्यामुळे औषध वरून मारावं लागत नाही. पान, पातं, बोंड या सगळ्यांत ते झाडच तयार करतं.

मग प्रश्न येतो, अळीला मारणारं हे प्रथिन आपल्याला, गाई-म्हशींना अपाय करत नाही का? अळीच्या पोटातला रस खाऱ्या गुणाचा, म्हणजे धुण्याच्या सोड्यासारखा असतो. त्यात हे प्रथिन मोकळं होतं आणि आतड्यावरच्या ठरावीक जागी जाऊन चिकटतं. माणसाच्या जठरातला रस आंबट असतो आणि आपल्या आतड्याला तशा चिकटण्याच्या जागाही नसतात. तिथे ते डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जातं. सरकीच्या शुद्ध केलेल्या तेलात तर प्रथिन जवळजवळ उरतच नाही. सरकी पेंडीबद्दल मंजुरीच्या आधी जनावरांना खाऊ घालून चाचण्या झालेल्या आहेत. वेचणाऱ्या बाईला खरा धोका आहे तो या प्रथिनापेक्षा वरून फवारलेल्या औषधाचा. त्याकडे पुढे येतेच.

हे बी आपल्याकडे आलं कसं? १९९० नंतरच्या दशकात हिरवी बोंडअळी, जिला अमेरिकन बोंडअळी म्हणतात, ती कुठल्याच औषधाला जुमानेना. एका हंगामात दहा-दहा, पंधरा-पंधरा फवारण्या करूनही बोंडं पोखरलेलीच. औषधाची उधारी डोक्यावर आणि पीक हातात नाही, अशी अवस्था. २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मंजुरी समितीने बीटी कापसाला परवानगी दिली. ते बी आणलं होतं आपल्याच मराठवाड्यातल्या, जालन्याच्या महिको कंपनीने, अमेरिकेतल्या मोन्सँटो कंपनीबरोबर. पहिल्या बियाण्यात एक जनुक होतं. २००६ पासून दोन जनुकांचं बी आलं, त्यालाच बोलगार्ड दोन किंवा बीजी दोन म्हणतात. आज देशातला नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस बीटीचा आहे.

आता फायद्याची बाजू प्रामाणिकपणे मांडू. सुरुवातीच्या वर्षांत हिरव्या बोंडअळीसाठीच्या फवारण्या खूप कमी झाल्या. फवारणी कमी म्हणजे पुरुषाच्या पाठीवरचा पंप कमी, आणि तितकंच खरं म्हणजे बाईच्या डोक्यावरचा पाण्याचा हंडाही कमी, कारण पंपाला लागणारं पाणी विहिरीवरून बहुतेक वेळा बाईच आणते. उत्पादनही वाढलं. देशाचं सरासरी उत्पादन २००१-०२ मध्ये हेक्टरी ३०८ किलो रुई होतं, ते २००७-०८ मध्ये ५५४ किलोवर गेलं. अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूर तालुक्यातल्या कंझरा गावाचा अभ्यास करून २०१० मध्ये दोन अर्थतज्ज्ञांनी असं दाखवलं की, बीटीमुळे जास्त कापूस वेचायला आला आणि त्यामुळे मजुरीवर जाणाऱ्या बायांचं काम आणि मिळकत वाढली. वेचणी किलोवर असते. बोंडं भरली की बाईची ओटी भरते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

पण ही वाढ सगळी बीटीचीच का? इथे जाणकारांत एकमत नाही. त्याच काळात नवे संकरित वाण आले, खतं वाढली, बियाण्याला रसशोषक किडींसाठीचं औषध चोळून येऊ लागलं, गुजरातसारख्या राज्यात पाणीही वाढलं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि अमेरिकन अभ्यासक ग्लेन स्टोन यांनी २०२० मध्ये वीस वर्षांची आकडेवारी तपासून म्हटलं की, वाढीचं श्रेय बीटीला जितकं दिलं जातं तितकं ते नाही, आणि आज शेतकरी कीटकनाशकांवर बीटी येण्याआधीपेक्षा जास्त खर्च करतो. दुसऱ्या बाजूला, सुरुवातीच्या सहा-सात वर्षांचा अभ्यास करणाऱ्यांना खरोखर नफा दिसला होता. माझ्या मते दोन्ही गोष्टी आपापल्या काळासाठी खऱ्या आहेत. सुरुवातीला बीटीने राखण चांगली केली. मग ती राखण ढिली पडली. का पडली, हेच आजचं मुख्य सांगणं आहे.

पहिलं कारण सोपं आहे. बीटी फक्त बोंडं खाणाऱ्या अळ्यांसाठी आहे. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या किडी सोंड खुपसून पानातला रस पितात. त्यांच्यावर बीटीचा काही परिणाम नाही. बाजारात आलेले अनेक संकरित वाण या किडींना लवकर बळी पडणारे निघाले. अळीच्या फवारण्या कमी झाल्या आणि रसशोषक किडींच्या वाढल्या. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात गेले. त्या वर्षी तिथे सगळीकडे बीटीच होती. म्हणजे "बीटी आहे, आता फवारणी नको" हा समज पुसून टाकायला हवा.

दुसरं कारण म्हणजे गुलाबी बोंडअळी, आपण जिला शेंदरी अळी म्हणतो. २०१० मध्ये गुजरातमध्ये ती एका जनुकाच्या बीटीला दाद देत नसल्याचं उघड झालं. काही वर्षांत ती दोन जनुकांच्या बीटीलाही पुरून उरली. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात तिने हाहाकार केला. आपल्या भागातही लोकांनी उभ्या पिकात नांगर घातले, जनावरं सोडली.

आता एक गंमत पाहा. हिरवी बोंडअळी बीटीला अजून बऱ्यापैकी भिते आणि गुलाबी भीत नाही. दोघींत फरक काय? हिरवी अळी अनेक घरी जेवते. हरभऱ्यातली घाटेअळी तीच, तुरीच्या शेंगा पोखरणारी तीच. आपल्या तुरी-हरभऱ्यात बीटी नाही, त्यामुळे तिथे बीटीची सवय नसलेल्या अळ्या भरपूर वाढतात. गुलाबी अळीचं तसं नाही. ती जवळजवळ कापसावरच जगते. सगळ्या शिवारात बीटीच असेल तर तिला दुसरं घर नाही.

सवय लागते कशी, तेही ऐका. लाखो अळ्यांत एखादी अशी असते की बीटी खाऊनही मरत नाही. तिचा पतंग झाला आणि त्याला जोडीदारही तसाच मिळाला, तर सगळी पिल्लं बीटी पचवणारी होतात. पण शेजारी साध्या कापसावर वाढलेले, बीटी न पचवणारे पतंग भरपूर असतील तर जोडी त्यांच्याशी जमते. अशा जोडीची पिल्लं सहसा बीटीवर मरतात. म्हणून नियम होता की, बीटीच्या भोवती पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या वीस टक्के, यातलं जे जास्त असेल तेवढा साधा कापूस लावायचा. याला आश्रय ओळी म्हणतात. त्यासाठीच ४५० ग्रॅम बीटीच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साध्या बियाण्याचं छोटं पाकीट मिळायचं. ते पाकीट आठवतं ना? बहुतेक घरांत ते बांधावर फेकलं गेलं. कुणी म्हणालं वाईट बी आहे, कुणी म्हणालं अळीसाठी कशाला जागा घालवायची. आपल्याला कुणी नीट समजावून सांगितलंच नाही की ते पाकीट म्हणजे बीटीचं आयुष्य होतं. २०२० पासून साधं बी त्याच पाकिटात मिसळून यायला लागलं, पण तोवर गुलाबी अळी शिकून झाली होती.

तिसरं कारण फरदड. कापूस डिसेंबरात संपवायचा, तर आपण पाणी देऊन मार्च-एप्रिलपर्यंत ठेवतो. दोन-तीन क्विंटल जास्त मिळतात हे खरं. पण तेवढे महिने गुलाबी अळीला अखंड जेवण मिळतं, तिच्या पिढ्यांवर पिढ्या होतात. शेवटच्या पिढीतल्या अळ्या सरकीच्या दोन दाण्यांना एकत्र चिकटवून आत झोपून राहतात आणि पुढच्या पावसाळ्यात पतंग होऊन बाहेर येतात. त्या झोपतात कुठे? वाळलेल्या, न फुटलेल्या बोंडांत. ती बोंडं असतात पऱ्हाटीवर. आणि पऱ्हाटी असते आपल्या घरामागे, चुलीसाठी रचून ठेवलेली.

म्हणजे मैत्रिणींनो, अळीचं माहेर आपल्या सरपणात आहे.

याची किंमत कोण मोजतं, तेही पाहू. समजा वेचणीचा दर किलोला दहा रुपये आहे. चांगल्या फुटलेल्या शेतात एक बाई दिवसाला चाळीस किलो वेचते, म्हणजे चारशे रुपये. अळी लागलेल्या शेतात बोंड अर्धवट उघडतं, एखादी पाकळी चिकटून राहते, कवडी कापूस बोटांनी उकरून काढावा लागतो, टोकं बोटांना टोचतात. तोच दिवस, तेवढंच ऊन, पण हाती पंचवीस किलो. मजुरी अडीचशे. शेतकऱ्याच्या नुकसानीचा पंचनामा होतो. बाईच्या या दीडशे रुपयांचा पंचनामा कुठल्याच कागदावर नसतो. घरचं शेत असेल तर व्यापारी कवडीला भाव कमी देतो आणि आधी चांगला आणि कवडी वेगळा करायचं काम पुन्हा आपल्याच पदरी पडतं.

खर्चाची आणखी एक बाजू बियाण्याची. पूर्वी चांगल्या झाडांची सरकी राखून ठेवायचं काम घरातली म्हातारी करायची. आता दरवर्षी पाकीट विकत घ्यावं लागतं. सुरुवातीला ते सोळाशे रुपयांच्या आसपास होतं. २००६ मध्ये सरकारच्या दबावाने किंमत निम्म्याखाली आली आणि २०२४ च्या हंगामात बीजी दोनच्या पाकिटाचा कमाल दर ८६४ रुपये होता. पण इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. बी राखता येत नाही ते बीटीमुळे नाही, तर ते बी संकरित आहे म्हणून. संकरिताची सरकी पुढच्या वर्षी सारखं पीक देत नाही. आपल्या देशात बीटी जनुक मुख्यतः संकरित वाणांतच आलं. नागपूरच्या संस्थेने ते सरळ वाणांतही आणलं आहे आणि अशा वाणांचं बी राखता येतं. आपल्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने नांदेड-४४ हा जुना नावाजलेला संकरित वाण महाबीजच्या मदतीने बीटी करून आणला. शिवाय विद्यापीठाचे देशी कापसाचे सरळ वाण आहेत, जसे परभणी तुराब आणि विनायक. त्यांत बीटी नाही, पण रसशोषक किडींपुढे ते चिवट आहेत आणि कोरडवाहूत खर्च कमी लागतो. धागा आणि बाजारभाव यांचा विचार करून एखाद्या एकरावर करून पाहायला हरकत नाही.

मग आता काय करायचं? हंगामाप्रमाणे सांगते.

मे महिन्यात घाईने लागवड नको. पहिल्या पावसाच्या सुमारास जुन्या अळ्यांचे पतंग बाहेर पडतात. त्या वेळी शिवारात कापसाला पाती-फुलं नसतील तर त्यांना अंडी घालायला जागाच मिळत नाही आणि ते तसेच मरतात. बी घेताना कमी दिवसांत येणारा वाण मागा, आणि दुकानदाराकडून पक्कं बिल घ्या. पाकीट आणि थोडं बी वर्षभर जपून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा.

लागवडीनंतर दीड महिन्याने एकरी दोन कामगंध सापळे लावा. त्यातल्या गोळीला मादीचा वास असतो, नर पतंग येऊन अडकतात. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले तर सावध व्हा. फुलं आली की गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली फुलं शोधा. त्यांना डोमकळी म्हणतात. डोमकळीत अळी असते. खुरपताना ती तोडून पिशवीत घालायची आणि बाहेर नेऊन जाळायची. हे काम बाईच्या नजरेला जितकं जमतं तितकं कुणाला जमत नाही. पुढे शेतातून फिरून वीस हिरवी बोंडं तोडा आणि दगडाने फोडा. दोन बोंडांत अळी किंवा खाल्लेली सरकी दिसली तर कृषी सहायकाला विचारून औषधाचा निर्णय घ्या. बाहेरून बोंड चांगलं दिसतं म्हणून फसू नका. अळी लहानपणीच आत शिरते आणि मागचं छिद्र बुजून जातं. सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क चालतो, आणि तो तर आपण घरीच करू शकतो.

फवारणी झालेल्या शेतात लगेच वेचायला किंवा खुरपायला जाऊ नका. बाटलीवरचा रंगीत त्रिकोण पाहा. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, त्यानंतर पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. वाचता येत नसलं तरी रंग ओळखता येतो. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका आणि रिकाम्या बाटलीत तेल किंवा रॉकेल भरू नका.

डिसेंबरअखेर कापूस संपवा. शेवटच्या वेचणीनंतर शेळ्या-मेंढ्या शेतात सोडा, त्या उरलेली बोंडं खाऊन टाकतात. मग पऱ्हाटी काढून तिथेच कुट्टी करून मातीत मिसळता आली तर उत्तम. सरपणाला लागतेच असेल तर निदान बोंडं झोडून जाळा आणि पाऊस पडायच्या आत पऱ्हाटी वापरून संपवा. शक्य असेल तिथे सरपणासाठी तुराट्या ठेवा.

हे सगळं एका घराने करून भागणार नाही. पतंग बांध ओळखत नाही. तुम्ही डिसेंबरात पीक काढलं आणि शेजाऱ्याने फरदड ठेवली तर अळी त्याच्याकडून तुमच्याकडे येणार. अमेरिकेतही हीच गुलाबी अळी होती आणि हेच बीटी बियाणं होतं. तिथल्या शेतकऱ्यांनी भागाभागाने एकत्र येऊन बीटी, कामगंध, वांझ केलेले पतंग सोडणं आणि वेळेवर पऱ्हाटी नष्ट करणं हे सगळं वर्षानुवर्षं केलं. २०१८ मध्ये त्यांच्या सरकारने कापसातून गुलाबी अळी संपल्याचं जाहीर केलं. बी एकच, अळी एकच. फरक पडला तो मिळून केलेल्या कामाचा.

जाता जाता दोन गोष्टी. एक, गावोगावी "चोर बीटी" नावाने तणनाशक सहन करणारं बी विकलं जातं. त्याला देशात परवानगी नाही. खुरपणीचा खर्च वाचतो म्हणून लोक घेतात. वाकून खुरपण्याचा त्रास आपल्यालाच माहीत आहे, पण खुरपणीच्या मजुरीवर किती घरं चालतात तेही आपल्यालाच माहीत आहे. आणि त्या पाकिटाला बिल नाही, म्हणून फसवणूक झाली तर दादही नाही.

दुसरी गोष्ट वांग्याची. शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी बीटी वांगंही तयार झालं होतं. २०१० च्या जानेवारी-फेब्रुवारीत नागपूरसह सात शहरांत लोकांची मतं ऐकून तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्याला स्थगिती दिली. बांगलादेशात मात्र २०१४ पासून शेतकरी ते पिकवतात. उद्या हा प्रश्न पुन्हा आपल्यासमोर आला तर नुसतं "विषारी आहे" किंवा "वरदान आहे" यावर जाऊ नका. फवारणी किती कमी होणार, बी राखता येणार का, अळीला सवय लागू नये म्हणून काय व्यवस्था आहे, आणि नुकसान झालं तर जबाबदार कोण, हे चार प्रश्न विचारा. कापसाच्या वेळी हे प्रश्न आपण विचारले नव्हते.

बीटीचा गुण दुकानात विकत मिळतो, पण तो टिकवायचं काम शिवाराचं आहे. पाणवठा जसा सगळ्या गावाने जपायचा असतो, तसाच हा. एकाने घाण केली तर सगळ्यांनी तेच पाणी प्यायचं. तेव्हा या महिन्याच्या बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की एक विषय आणखी घ्या: आपल्या गल्लीत पावसाळ्याआधी कुणाच्या घरामागे पऱ्हाटी उरली आहे, आणि ती मिळून कधी संपवायची.